एक जबानी, तीन वाचने

१

फौजदारी निकालपत्रात पीडित मुलाला नाव नसते. तो 'सरकारी साक्षीदार क्रमांक १' असतो, किंवा 'क्रमांक ४'. त्याची ओळख झाकावी म्हणून कायद्याने हे केलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण निकालपत्रे वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला एक गोष्ट हळूहळू खटकू लागते. आरोपीला नाव, वय, हुद्दा, पूर्वायुष्य, कधी कधी समाजकार्याची यादीसुद्धा मिळते. मूल मात्र क्रमांक होऊन येते आणि प्रश्नांची उत्तरे देऊन निघून जाते. उरते ती त्याची जबानी. ही जबानी कोण, कशी वाचतो यावर पुढचे सगळे ठरते.

न्यायालयांचे निकाल कायद्याचे अभ्यासक वाचतात. साहित्याच्या वाचकाने ते का वाचावेत? माझ्या मते त्याला एक सबळ कारण आहे. ज्यांच्या हाती मुलांचा सांभाळ सोपवलेला असतो, म्हणजे शिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, आश्रमाचा प्रमुख, बालगृहाचा चालक, त्यांनीच अत्याचार केल्याचा आरोप असतो तेव्हा बहुधा दुसरा पुरावा नसतो. प्रत्यक्षदर्शी नसतात, वैद्यकीय तपासणी उशिरा झालेली असते, कागदपत्रे संस्थेच्या कपाटात असतात. असतात ते फक्त शब्द, आणि तेही मुलाचे. त्यामुळे असा खटला मुळात वाचनाचा खटला होतो. निवेदक विश्वासार्ह आहे की नाही, त्याचे मौन काय सांगते, त्याच्या निवेदनातील विसंगतीचा अर्थ काय, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. न्यायाधीश तेच प्रश्न साक्षीला विचारतात. फरक इतकाच, की त्यांच्या उत्तरावर कोणीतरी तुरुंगात जातो किंवा मोकळा सुटतो.

या लेखात मी मुख्यतः मुंबईच्या एका खटल्याचा विचार करणार आहे. त्यातील जबान्या तीन न्यायालयांनी वाचल्या. त्यांपैकी मधल्या न्यायालयाचा निष्कर्ष इतर दोघांच्या नेमका उलट निघाला.

२

डंकन ग्रँट या ब्रिटिश गृहस्थाने १९९५च्या सुमारास मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी 'अँकरेज' नावाने निवारागृहे सुरू केली. कुलाबा, कफ परेड आणि कोकणात मुरूड अशी त्यांची ठिकाणे होती. अ‍ॅलन वॉटर्स हा त्याचा देशबांधव तेथे येऊन राहत असे. दैनंदिन व्यवस्था विल्यम डिसोझा हा स्थानिक व्यवस्थापक पाहत असे. बाहेरून पाहणाऱ्याला दिसत होते ते इतकेच: स्टेशनवर आणि फुटपाथवर झोपणाऱ्या मुलांना छप्पर, जेवण आणि कपडे मिळत आहेत.

२००१च्या उत्तरार्धात मुलांनी सांगितलेल्या हकिगती बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. 'चाइल्डलाइन' ही संस्था पुढे आली. बालगृहांवर देखरेख ठेवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या सदस्यांनी मुलांना भेटून त्यांचे म्हणणे ऐकले. गुन्हा नोंदला गेला, पण तोवर ग्रँट आणि वॉटर्स भारतात नव्हते. वॉटर्सला २००३मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली आणि नंतर त्याला भारतात आणले गेले. ग्रँट २००५मध्ये हजर झाला. मार्च २००६मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. दोघा विदेशी आरोपींना सहा वर्षांची सक्तमजुरी आणि मोठा दंड, तर व्यवस्थापकाला तीन वर्षे.

जुलै २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांचीही निर्दोष मुक्तता केली. त्याविरुद्ध राज्य सरकार आणि चाइल्डलाइन दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या पीठाने मार्च २०११मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा पुन्हा कायम केली. शिक्षा कमी करावी ही विनंतीही फेटाळली.

मुलांनी पहिल्यांदा तोंड उघडले २००१मध्ये आणि शेवटचा निकाल आला २०११मध्ये. मधल्या दहा वर्षांत ही मुले मोठी झाली होती.

३

या तिन्ही न्यायालयांसमोरचा पुरावा तोच होता. नवा साक्षीदार आला नाही, नवा कागद सापडला नाही. मग निष्कर्ष का बदलले?

उत्तर साक्षीबद्दलच्या अपेक्षेत शोधावे लागते. अशा खटल्यांत बचाव पक्षाचे चार मुद्दे ठरलेले असतात. एक, मूल इतके दिवस गप्प का राहिले? दोन, त्रास होत होता तर ते त्या जागी परत परत का गेले? तीन, पहिल्या निवेदनात नसलेला तपशील नंतर कुठून आला? आणि चार, हे सगळे त्याला कोणी शिकवून ठेवले नाही कशावरून? हे चारही प्रश्न एका विशिष्ट माणसाच्या कल्पनेवर उभे आहेत. त्या माणसाला घर असते, तक्रार ऐकणारे आईवडील असतात, पोलीस चौकीत त्याला बसायला खुर्ची मिळते, तारखा त्याच्या लक्षात राहतात. थोडक्यात, तो माणूस म्हणजे निकाल लिहिणाऱ्यासारखाच एक प्रौढ नागरिक असतो.

उच्च न्यायालयाला या साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच साक्षी वाचताना आधी साक्षीदाराची परिस्थिती वाचली. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, पोटाला अन्न नाही, अंगावर धड कपडा नाही, ती मुले निवाऱ्याचे आमंत्रण स्वीकारतात आणि त्यातूनच भक्ष्य होतात, असे या निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे. या एका निरीक्षणाने चारही प्रश्नांचा रोख बदलतो. मूल परत का गेले? कारण जेवण तिथेच होते. गप्प का राहिले? कारण ज्याला सांगायचे तोच आरोपी होता. पहिल्या वाचनात जे साक्षीतले दोष वाटतात, तीच दुसऱ्या वाचनात गुन्ह्याची पद्धत ठरते. अधिकारपदावरचा माणूस मुलाला जबरदस्तीने ओढून नेत नाही. तो त्याला सांभाळतो, आणि हा सांभाळच त्याचे हत्यार असते.

मराठी वाचकाला येथे तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात लीला बेणारे शेवटी आपली कहाणी सांगते. तीत कोवळ्या वयात सख्ख्या मामाने घेतलेला फायदाही येतो आणि त्यानंतर दोष तिलाच कसा लागला हेही येते. पण तेंडुलकरांनी त्या स्वगताची जागा अशी योजली आहे की ती बोलत असताना सारे कोर्ट गोठलेले असते. तिचे बोलणे प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. स्वगत संपते आणि जणू काही ती बोललीच नव्हती अशा थाटात निकाल सांगितला जातो. या नाटकावर स्त्रीच्या मुस्कटदाबीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या स्वगतातली मुलगी, मामाच्या अधिकाराखालची ती अल्पवयीन भाची, समीक्षेत फारशी आली नाही. मला ते महत्त्वाचे वाटते. आपणही कोर्टासारखेच तिच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडत बसलो.

४

जबानीच्या वाचनाइतकाच कायद्याच्या भाषेचा प्रश्न मोठा आहे. अँकरेज खटल्याच्या वेळी मुलग्यांवरील लैंगिक अत्याचारासाठी भारतात स्वतंत्र कायदा नव्हता. आधार घ्यावा लागला तो भारतीय दंडसंहितेच्या ३७७व्या कलमाचा. हे कलम मुलांविषयी नव्हतेच. त्याचा विषय होता 'निसर्गक्रमाविरुद्धचा' संभोग. त्यात वयाचा उल्लेख नव्हता, संमतीचा नव्हता, अधिकाराचा तर नव्हताच. दोन प्रौढांचा राजीखुशीचा संबंध आणि बालगृहातल्या मुलावरचा अत्याचार एकाच वाक्यात कोंबलेले होते. त्या वाक्याच्या दृष्टीने गुन्हा मुलाविरुद्ध घडत नव्हता, निसर्गाविरुद्ध घडत होता. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना या कलमातून बाहेर काढले. पण त्याआधी दीडशे वर्षे एकाच शब्दयोजनेने एकीकडे निरपराधांना गुन्हेगार ठरवले आणि दुसरीकडे मुलांना कायद्याच्या मजकुरातून अदृश्य ठेवले, हे विसरू नये.

गोव्यात मडगावजवळच्या फातोर्ड्यातील फ्रेडी पीट्सचे प्रकरण याआधीचे. मुलांसाठी आश्रयस्थान चालवणारा, गावात मान असलेला हा माणूस १९९१मध्ये पकडला गेला. त्याच्याकडून मुलांची दोन हजारांहून अधिक आक्षेपार्ह छायाचित्रे जप्त झाली. म्हणजे येथे निव्वळ शब्दांवर विसंबण्याची गरज नव्हती. तरीही सुरुवातीला खटला ढिलाच होता. पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बारसे यांनी पाठपुरावा केला म्हणून त्याला योग्य वळण लागले आणि १९९६मध्ये पीट्सला जन्मठेप झाली. त्या जाळ्यात सामील असल्याचा आरोप असलेल्या एका ब्रिटिश नागरिकाचे प्रत्यार्पण लंडनच्या न्यायालयाने २०१४मध्ये स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून नाकारले. मुलांना आठवत होते, पण आरोपीला आठवत नाही, असे मान्य झाले.

या प्रकरणाची सावली गोव्याच्या २००३च्या बालक कायद्यावर दिसते. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला मुलांची अश्लील चित्रे आढळली तर त्याने पोलिसांना कळवले पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. डिजिटल काळात ती जुनी वाटेल. पण विचार नीट पाहा: ज्याच्या नजरेसमोरून गुन्हा जातो त्याला नजर फिरवण्याची मुभा नाही. हाच विचार पुढे देशभराच्या कायद्यात आला.

५

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, 'पोक्सो' म्हणून ओळखला जाणारा कायदा अमलात आला. साहित्याच्या वाचकाने त्याचे पाचवे कलम एकदा तरी वाचावे. ही एक लांबलचक यादी आहे. पोलीस अधिकारी, सैन्यातील व्यक्ती, लोकसेवक; तुरुंग, निरीक्षणगृह, संरक्षणगृह यांचे कर्मचारी; रुग्णालयाचे, शिक्षणसंस्थेचे आणि धार्मिक संस्थेचे व्यवस्थापन किंवा कर्मचारी; मुलांना सेवा देणाऱ्या कुठल्याही संस्थेचे चालक; रक्ताच्या किंवा दत्तकाच्या नात्यातले; आणि शेवटी, मुलाच्या विश्वासाच्या अथवा अधिकाराच्या जागी असलेली कोणतीही व्यक्ती. यांच्यापैकी कोणी गुन्हा केला तर तो अधिक गंभीर धरला जातो. समाजातील मानाच्या जागांची ही जवळजवळ पूर्ण जंत्री आहे. 'गुरू', 'साहेब', 'फादर', 'महाराज', 'डॉक्टर', 'काका' या शब्दांमागे जो अधिकार आपण निमूटपणे मान्य करतो, तोच कायद्याने गुन्ह्याची तीव्रता मोजण्याचे माप केला. ३७७व्या कलमाच्या मजकुरात कुठेच नसलेला माणूस येथे मधोमध उभा केला आहे.

दुसरा बदल ऐकण्याच्या पद्धतीत झाला. त्याची पूर्वतयारी २००४च्या 'साक्षी' खटल्यात झाली होती. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत, मुलाला मध्ये विश्रांती मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले होते. पोक्सोने हे कलमांत आणले. पोलिसाने गणवेशात जबाब घ्यायचा नाही. वकिलांनी थेट मुलाला विचारायचे नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी तरतूद: जबाब मूल जसे बोलेल तसाच नोंदवायचा.

तिचे मोल कळण्यासाठी जबानीचा प्रवास पाहावा. मूल आपल्या बोलीत सांगते. 'घाणेरडे काम केले', 'तसले केले' असे काहीतरी. पोलीस ते सरकारी मराठीत लिहितात. सत्र न्यायालयात ते पुन्हा नोंदले जाते. अपिलात त्याचे इंग्रजी भाषांतर होते, कारण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश जे वाचतात ते भाषांतराचे भाषांतर असते. शरीराच्या अवयवांना मुलाजवळ शब्दच नसतात किंवा घरगुती टोपणशब्द असतात. कायद्याला मात्र नेमकी क्रिया हवी असते. दोन नोंदींत दोन वेगळे शब्द आले की विसंगती निर्माण होते. ती मुलाच्या सांगण्यातली असते की कारकुनाच्या लेखणीतली, हे अपिलात कळण्याचा मार्ग फारसा नसतो. अनुवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी इकडे लक्ष दिले पाहिजे, असे मला फार वाटते.

कायदा चांगला असला तरी शब्दाचा कीस काढून त्याला नामोहरम करता येते, हेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२१मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका निकालात 'स्पर्श' म्हणजे त्वचेला त्वचेचा स्पर्श, कपड्यावरून केलेला नव्हे, असा अर्थ लावला गेला. त्या खटल्यातला आरोपी अधिकारपदावरचा नव्हता, पण लावलेला अर्थ साऱ्या खटल्यांना लागू झाला असता. नोव्हेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला आणि हेतू हाच गाभा असल्याचे सांगितले. शब्दकोश उघडा होता, पण मूल कोणाला दिसत नव्हते, असे त्या पहिल्या वाचनाचे वर्णन करता येईल.

६

अधिकारपदावरचा गुन्हेगार एकटा कधीच नसतो. त्याच्याभोवती न पाहणाऱ्यांचे कडे असते. पोक्सोच्या १९व्या कलमाने गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले आणि २१व्या कलमाने न कळवणाऱ्याला शिक्षा सांगितली: सर्वसाधारण माणसाला सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाने हाताखालच्याला पाठीशी घातले तर एक वर्षापर्यंत.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात या तरतुदीची कसोटी लागली. २०१९मध्ये तेथील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपींत वसतिगृहाचा अधीक्षक होता. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर, माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला: पुराव्याची छाननी खटल्यात व्हावी, सुरुवातीलाच नव्हे, आणि कळवण्याचे बंधन हा या कायद्याचा कणा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. डॉक्टर दोषी की निर्दोष हा प्रश्न येथे नव्हता. मौनाचा खटला चालू शकतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

बिहारमधील मुझफ्फरपूरचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. तेथील मुलींच्या निवारागृहाचे भीषण वास्तव २०१८मध्ये बाहेर आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या पाहणीमुळे. परगावहून आलेल्या या गटाने केले ते इतकेच: मुलींना विचारले आणि त्यांनी सांगितलेले लिहून काढले. खटला दिल्लीला वर्ग झाला आणि सुमारे वर्षभरात, २०२०च्या आरंभी, चालक ब्रजेश ठाकूर याच्यासह १९ जण दोषी ठरले. त्यांत मुलांच्या रक्षणासाठीच नेमलेल्या बालकल्याण समितीशी संबंधित व्यक्तीही होत्या. म्हणजे ऐकण्यासाठी नेमलेले कान होते. ते आरोपीच्या बाजूला वळलेले होते.

७

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मुलाच्या बाजूने वाचा असे म्हणताना आपण आरोपीच्या हक्कांना तिलांजली देत आहोत का? पोक्सोच्या २९व्या कलमानुसार न्यायालयाने गुन्हा घडल्याचे गृहीत धरायचे असते आणि तो खोडण्याची जबाबदारी आरोपीवर येते. तरीही मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावी लागतात, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे, आणि ते आवश्यक आहे. मुलांना शिकवून खोटे बोलवता येते, ही भीतीही निव्वळ काल्पनिक नाही. संस्थांच्या भांडणांत मुलांना पुढे केले जाऊ शकते. म्हणून 'मूल खोटे बोलतच नाही' हे वाक्य मला 'मुलाचा काय भरवसा' या वाक्याइतकेच आळशी वाटते. दोन्ही वाक्ये न वाचताच निकाल देतात. अँकरेजच्या निकालाचे महत्त्व तो शिक्षेकडे गेला यात नाही. साक्षीदाराची परिस्थिती हा साक्षीचाच भाग आहे असे मानून त्याने वाचन केले, यात आहे.

दुसरा आक्षेप माझाच आहे. २०१९च्या दुरुस्तीने गंभीर लैंगिक अत्याचाराची किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेली आणि कमाल शिक्षा फाशीपर्यंत वाढवली. संतापाला त्यातून समाधान मिळते. पण आरोपी जेव्हा मुलाचा बाप, मामा किंवा अन्नदाता असतो तेव्हा शिक्षा जितकी भयंकर, तितकी मुलाच्या जिभेवरची दडपणे वाढतात. 'तुझ्यामुळे त्यांना फाशी होईल' हे वाक्य घराघरांत बोलले जाऊ शकते. अँकरेजची मुले शिक्षा कमी होती म्हणून अडली नव्हती. निकाल लागायला दहा वर्षे लागली, यात ती अडली होती. तीस दिवसांत साक्ष हे वचन पाळणे फाशीच्या तरतुदीपेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यासाठी न्यायाधीश, दुभाषे, प्रशिक्षित पोलीस आणि पैसा लागतो, आणि कुठल्याही सभेत त्याला टाळ्या मिळत नाहीत.

आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यातल्या विशेष न्यायालयांत असे निकाल रोज लिहिले जात आहेत, त्यांतले कितीतरी मराठीत. त्यांत क्रमांक होऊन आलेल्या मुलांची वाक्ये आहेत, अर्धवट, अडखळती, कोणाच्या तरी टंकलेखनातून गाळून आलेली. समीक्षकांनी ती वाचावीत असे मी म्हणतो ते करुणेपोटी नव्हे. निवेदन विश्वासार्ह कशाने होते, मौन कधी बोलते, भाषांतरात काय हरवते, हे आपल्या व्यवसायाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे आपल्याशिवाय, घाईघाईने दिली जात आहेत. अँकरेजच्या त्या मुलांनी २००१मध्ये जे सांगितले त्यातला एक शब्दही २०११पर्यंत बदलला नव्हता. बदलले ते फक्त वाचणारे.